स्पितीला जायचंय: किन्नौरकडून की मनालीकडून, आणि काझाहून कुठे कुठे?

हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात जाण्याच्या वाटा दोन. एक शिमल्याहून निघते, सतलजच्या काठाने किन्नौरमधून चढत काझाला, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावाला पोहोचते; साधारण सव्वाचारशे किलोमीटर. दुसरी मनालीहून अटल बोगद्यातून पलीकडे उतरते आणि कुंझुम खिंड ओलांडून काझाला येते, दोनशेच्या आसपास. अंतर बघून बहुतेकांचा कल मनालीकडे असतो. पहिल्या खेपेला आम्हीही तेच केलं. पहाटे मनालीहून निघालो आणि रात्री काझात मी डोकं घट्ट बांधून पडलो होतो. पुढचे दोन दिवस उलट्या, गरम पाणी आणि खिडकीतून दिसणारा एक डोंगर. इतक्या लांब येऊन एवढंच पाहिलं याची हळहळ आजही आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कारण सरळ आहे. मनाली २,००० मीटरच्या थोडी वर. त्याच दिवशी तुम्ही साडेचार हजारांहून उंच कुंझुम पार करता आणि ३,७०० मीटरच्या आसपासच्या काझात झोपता. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. किन्नौरच्या वाटेवर रामपूर सुमारे हजार मीटरवर, काल्पा तीन हजारांच्या जवळ, नाको ३,६०० वर, मग किंचित खाली ताबो आणि शेवटी काझा. चार मुक्कामांत तीच उंची अंगवळणी पडते. सोबत आईवडील किंवा लहान मुलं असतील, तर मनालीकडून आत शिरू नका. आमच्या घरात तरी आता हा विषय चर्चेला नसतो.

सुट्टीचा हिशोबही याच बाजूने पडतो. आपल्याकडे शाळांना सुट्टी मे महिन्यात, आणि त्या वेळी कुंझुमवर बहुधा बर्फ असतो. खिंड साधारण जूनमध्ये उघडते आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणजे मेमध्ये आणि दिवाळीत किन्नौरकडूनच जायचं आणि त्याच वाटेने परतायचं. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र किन्नौरचा खालचा भाग पावसात सापडतो. सतलजच्या घळीत दरडी कोसळतात. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरीजवळ दरडीखाली बस सापडून माणसं गेली. त्या दोन महिन्यांत या रस्त्याला शक्यतो जाऊ नये. रजा हाताशी असेल तर गणपती आटोपले की निघा. काल्प्यात सफरचंदं उतरवायची घाई असते, स्पितीत पॉपलर पिवळे पडायला लागलेले असतात आणि नाल्यांचं पाणीही ओसरलेलं असतं.

आता वाटेवरचे थांबे. इथे दोन रस्त्यांची बरोबरीच होत नाही.

किन्नौरकडे कुठे थांबू नये हा प्रश्न पडतो. जेओरीहून वर सराहनला भीमाकालीचं मंदिर आहे, लाकूड आणि दगडाचे एकाआड एक थर देऊन बांधलेलं. पुढे करछमला बास्पा सतलजला मिळते. तिथून उजवीकडे सांगला आणि रस्ता संपतो तिथे छितकुल. देवदार, सफरचंदाच्या बागा, लाकडी घरं; हिमालय म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं ते सगळं इथे आहे. काल्प्याला तुमच्या खोलीसमोरच किन्नर कैलास उभा असतो. सांगला की काल्पा असा एकच मुक्काम निवडायचा असेल तर मी काल्पा निवडेन. छितकुल सुंदर आहे, पण त्यासाठी एक पूर्ण दिवस बाजूला काढावा लागतो, आणि तो दिवस पुढे स्पितीत जास्त कामी येतो.

मग येतं खाब. स्पिती नदी इथे सतलजमध्ये येते. इथून पुढे झाडं जवळजवळ संपतात. महाबळेश्वरच्या धुक्यातून निघून दुपारपर्यंत माणदेशाच्या माळावर पोहोचलेल्याला हा बदल ओळखीचा वाटेल. कारणही तेच, पाऊस डोंगराच्या अलीकडेच रिता होतो. फक्त इथे आडवा डोंगर सह्याद्रीच्या चौपट-पाचपट उंच आहे, त्यामुळे पलीकडे माळ नाही, थंड वाळवंट आहे. हा बदल गाडीत बसून डोळ्यांदेखत घडताना पाहायचा असेल तर किन्नौरच्याच वाटेने या. मनालीकडून येताना बोगदा आणि खिंड यांच्यामध्ये तो इतक्या झटपट होतो की नीट लक्षातही येत नाही.

नाकोच्या तळ्यापाशी एक रात्र राहा. ग्यू गावाचा फाटा मात्र वेळ असेल तरच घ्या. तिथे बसलेल्या स्थितीत टिकून राहिलेला एका भिक्षूचा सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचा देह काचेमागे ठेवलेला आहे. पाहायला पाच मिनिटं लागतात.

ताबोला मात्र थांबाच. लोक तासाभरात ‘करून’ निघतात आणि मला ते फार जिव्हारी लागतं. इथला गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, इसवी सन ९९६ मध्ये उभा राहिला, आणि पूजा-पाठ तिथे आजही चालू आहेत. त्याला हिमालयातलं अजिंठा म्हणतात. अजिंठा पाहिलेल्या माणसाला फरक लगेच जाणवतो. तिथे कातळ कोरलाय, इथे नुसती माती आहे. बाहेरून बुटक्या, मेंढ्यांच्या गोठ्यासारख्या मातीच्या भिंती. आत अंधार, चारही दिशांना पाहणारा वैरोचन बुद्ध, भिंतींवर तीसहून अधिक मूर्ती जणू हवेत तरंगत बसलेल्या, आणि त्यांच्याखाली चित्रांच्या रांगा. आत फोटो काढू देत नाहीत, ते चांगलंच आहे. विजेरी घेऊन सावकाश फिरा, डोळे सरावायलाच दहा मिनिटं लागतात. संध्याकाळी समोरच्या डोंगरातल्या गुहांकडे चढून बसा.

मनालीकडच्या वाटेवर थांबे मोजकेच. ग्राम्फूपासून बातलपर्यंत चंद्रा नदीच्या काठाने जाणारा रस्ता म्हणजे गोटे, चिखल आणि नाले. त्या घळीचा ओसाडपणा भव्य आहे, यात शंका नाही. पण गाडी चालवणाऱ्याला तो दिसत नाही, त्याची नजर चाकापुढच्या दगडावर असते. या वाटेला जाण्याचं खरं कारण एकच, चंद्रताल हे तळं.

काझात पोहोचल्यावर हातात दोन दिवस असतील तर काय करायचं?

लांगझा-हिक्किम-कोमिक ही फेरी पहिली. तिन्ही गावं ४,४०० मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर, म्हणून काझात एक रात्र नीट झोप झाल्यावरच जा. हिक्किमच्या एवढ्या उंचावरच्या पोस्टातून घरी पत्र टाकायला सगळेच जातात, जरूर टाका. आमचं कार्ड आम्ही परतल्यानंतर बऱ्याच दिवसांनी घरी पोहोचलं आणि आई ते अजून देवघरात ठेवते. पण माझा जीव लांगझात अडकला. तिथल्या काळ्या मातीत गुंडाळीसारख्या आकाराचे, दगड झालेले शिंपले सापडतात. आपल्या देवघरातला शाळिग्राम असाच, टेथिस समुद्राच्या तळाशी घडलेला जीवाश्म. जिथे आज घोटभर पाण्यासाठी बर्फ वितळायची वाट पाहतात, तिथे एकेकाळी समुद्र होता. गावात कुणी ते विकायला आणलं तर घेऊ नका, तिथेच राहू द्या.

की, किब्बर आणि चिचम या गावांची फेरी फोटोंमुळे सगळ्यांना ठाऊक असते, आणि बहुतेक जण तिच्यासाठी वेगळा दिवस ठेवतात. तो वाचवता येतो. २०१७ मध्ये चिचमचा पूल झाला. त्याआधी लोक दोरावरच्या झुल्यात बसून ती दरी ओलांडत. आता पुलापलीकडून एक रस्ता हंसाकडून लोसरला निघतो. म्हणजे कुंझुमकडून परतणार असाल तर काझा सोडायच्या दिवशीच, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी ‘की’च्या गोंपात पोहोचायचं, मग किब्बर, चिचम आणि तसंच लोसर. मात्र त्याच वाटेने माघारी किन्नौरला जाणार असाल, तर तिला अर्धा दिवस द्यावाच लागेल.

वाचलेला तो दिवस पिनच्या खोऱ्याला द्या. काझापासून मुद गाव साधारण पन्नास किलोमीटर. राखाडी डोंगरांतून आत वळलं की एकदम जांभळे-तांबडे कडे आणि खाली मटाराची हिरवी शेतं. इथून पायवाटा भाबा आणि पार्वती खिंडींकडे जातात. दोन तास त्या दिशेने नुसतं चालून आलात तरी पुरे. येताना धनकर. नद्यांच्या संगमावर, भुसभुशीत मातीच्या सुळक्यावर टेकलेला तो गोंपा पाहताना काळजाचा ठोका चुकतो. धनकरच्या वरच्या तळ्याची चढण मात्र दम काढते, दुपारच्या उन्हात नको.

चंद्रताल काझाहून एका दिवसात जाऊन-येऊन करता येतं असं गाडीवाले सांगतात. करता येतं, पण जवळपास सगळा दिवस गाडीत जातो आणि तळ्यावर पोहोचता ते भर दुपारच्या वाऱ्यात. ते परतीच्या वाटेवरच ठेवा. तंबू तळ्यापासून थोडे दूर लावलेले असतात, काठावर मुक्कामाला परवानगी नाही. तोवर आठवडाभर उंचीवर राहिल्याने ४,३०० मीटरची रात्र बाधत नाही. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा एकट्याने काठावर जा.

माझ्या हिशोबाने नऊ-दहा दिवस हाताशी असतील तर किन्नौरकडून आत, कुंझुमकडून बाहेर. सहाच असतील तर चंद्रतालवर पाणी सोडा. शिमला, काल्पा, ताबो, काझा आणि त्याच वाटेने माघारी. फक्त मनालीकडूनच जायची वेळ आली, तर बोगदा ओलांडल्यावर सिस्सूला एक रात्र थांबा आणि काझातला पहिला पूर्ण दिवस काहीही न करता काढा. काझाचा पेट्रोल पंप मागे पडण्याआधी टाकी भरून घ्या, मनालीच्या बाजूला पुढे बरंच अंतर काही मिळत नाही. आणि चंद्रतालहून सातच्या आत निघा. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढे असलेले नाले दुपारी गाडीच्या दारापर्यंत येतात.