ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी: काही महिने घेतल्यानंतर

अल्ट्रासेट किंवा त्याच मिश्रणाची दुसऱ्या कंपनीची गोळी तुम्हाला लिहून दिली असेल आणि घेऊ की नको असं चाललं असेल, तर हे वाचा. सायटिकासाठी, म्हणजे कंबरेतून पायात जाणाऱ्या नसेच्या दुखण्यासाठी, मी ती उन्हाळ्यापासून दिवाळीच्या पुढंपर्यंत घेतली. आता बंद आहे. मत आधीच सांगून टाकतो: गोळी कामाची आहे, पण तिच्यात दोन औषधं आहेत आणि दोघांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो. तो हिशेब तुमच्या वतीनं दवाखान्यात कुणी ठेवत नाही आणि मेडिकलवाला तर नाहीच नाही. आमच्या घरात तो बायकोनं ठेवला, फ्रिजवर लावलेल्या कॅलेंडरवर.

माझं दुखणं म्हणजे आपल्याकडं ज्याला सरसकट ‘मणक्यात गॅप’ म्हणतात ते. एमआरआयमध्ये कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती बाहेर येऊन नस दाबलेली दिसली. सणक कंबरेतून निघायची ती मांडीच्या मागून थेट पोटरीत. बँकेत काउंटरवर अर्धा तास बसणं जमेना, रात्री कूस बदलली की जाग. अशा दुखण्यात पहिल्यांदा डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक यांपैकी काहीतरी देतात. ही औषधं जठराला बाधतात आणि मला पूर्वी जठरात अल्सर होऊन रक्तस्राव झाला होता, त्यामुळं मला ती चालत नाहीत. म्हणून हाडाचे डॉक्टर ट्रॅमाडॉलकडं वळले.

ट्रॅमाडॉल हे मॉर्फिनच्या जातकुळीतलं, पण प्रयोगशाळेत तयार केलेलं औषध. जर्मनीच्या ग्रुनेन्थाल कंपनीनं ते १९७७ मध्ये बाजारात आणलं. मॉर्फिनपेक्षा बरंच सौम्य आहे, म्हणून लोक त्याला ‘पॅरासिटामॉलची मोठी बहीण’ समजतात आणि तिथंच गडबड होते. एका गोळीत ट्रॅमाडॉल ३७.५ मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. दोघं दुखणं वेगवेगळ्या वाटेनं दाबतात, त्यामुळं प्रत्येकाची मात्रा कमी ठेवता येते, असा हा जोडीचा विचार.

डॉक्टरांनी सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली, ती मला फार उपयोगी पडली. ते म्हणाले, “दुखणं शून्यावर येईल अशी अपेक्षा ठेवू नका. रात्री झोप लागली आणि व्यायाम करता आला, की गोळीनं तिचं काम केलं असं समजा.” आधी पाच दिवसांची चिठ्ठी, मग पुन्हा दाखवायचं. पुढं दिवस वाढत गेले तरी प्रत्येक भेटीत पहिला प्रश्न हाच असायचा, की अजून लागतेय का आणि कशासाठी लागतेय.

तर परिणाम. गोळी घेतल्यावर तासाभरात सणकेची धार बोथट व्हायची. दुखणं असायचं, पण त्याच्याकडं सारखं लक्ष जायचं नाही. फिजिओथेरपीचे व्यायाम मी त्याच तासाला बांधून घेतले. असर पाच-सहा तास. मला बरं वाटायला लागलं ते व्यायामानं आणि दिवसांनी, असं माझं प्रामाणिक मत आहे. गोळीनं फक्त तेवढे दिवस काढायला मदत केली. नसेच्या दुखण्यावर ही गोळी रामबाण नाही, हे डॉक्टरही मान्य करतात.

सगळ्यांना सारखाच गुण येईल असंही नाही. ट्रॅमाडॉल यकृतात गेल्यावर एका विशिष्ट एन्झाइममुळं त्याचं जास्त जोरकस रूप तयार होतं, आणि ते एन्झाइम कुणाकडं जन्मतःच मंद असतं, कुणाकडं फारच चपळ. पहिल्याला गोळी खाऊन काही वाटत नाही, दुसऱ्याला एकाच गोळीत गुंगी येते. माझ्या ऑफिसमधल्या एकानं “मला दोनशिवाय फरक पडत नाही, तूही दोन घे” असा सल्ला दिला होता. त्याच्या यकृताचा सल्ला माझ्या यकृताला काय कामाचा!

आता हिशेब. पावसाळ्यात मला ताप आला, सोबत सर्दी-खोकला. तेव्हा मी दिवसाला चार गोळ्या घेत होतो. म्हणजे पॅरासिटामॉल १३०० मिलिग्रॅम आधीच पोटात. घरात डोलो-६५० होतीच, म्हणजे ६५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल; ती चार वेळा घेतली असती तर आणखी २६००. झाले ३९००. त्यावर सर्दीची गोळी, जिच्यात बहुतेक वेळा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, तीन वेळा म्हटलं तरी १५००. एकूण ५४००! धडधाकट प्रौढ माणसासाठी चोवीस तासांत ४००० ही वरची हद्द. वजन कमी असेल, यकृत नाजूक असेल किंवा रोजची दारू असेल, तर डॉक्टर ती आणखी खाली आणतात. यातली एकही गोळी ‘जास्त’ नव्हती, प्रत्येक गोळी पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच होती. बायकोनं कॅलेंडरवर बेरीज मांडली आणि डॉक्टरांना फोन लावला. ताप उतरेपर्यंत काय घ्यायचं, काय थांबवायचं, ते त्यांनी सांगितलं. खोकल्याच्या औषधाचंही विचारलं ते बरं झालं, कारण डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं सिरप ट्रॅमाडॉलबरोबर नको म्हणाले.

पॅरासिटामॉल जास्त झाल्याचं लगेच कळत नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट. पहिला दिवस थोडी मळमळ, कधी तेही नाही, आणि यकृताचं नुकसान एक-दोन दिवसांनी वर येतं. त्यावर उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच नीट लागू पडतो. चुकून जास्त गोळ्या गेल्या असतील तर “बरं वाटतंय, बघू उद्या” म्हणून घरी बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि घरातली पाकिटं उलटून बघा. कॉम्बिफ्लॅम, झिरोडॉल-पी, सॅरिडॉन या सगळ्यांत पॅरासिटामॉल आहे.

दुष्परिणाम म्हणाल तर पहिला आठवडा मळमळ आणि गरगरणं. रिकाम्या पोटी घेतली की हमखास. जेवणानंतर घेऊन थोडं टेकलं की निभायचं. उठताना आधी पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं. दुचाकी डॉक्टरांनी बंद केली होती, त्यामुळं ऑफिसला जाताना स्कूटर बायको चालवायची आणि मी मागं. गल्लीतल्यांनी करमणूक करून घेतली, घेऊ देत. तोंडाला कोरड, रात्री घाम, अधूनमधून खाज. यातलं बरंच आपोआप कमी झालं.

बद्धकोष्ठ मात्र कमी झालं नाही. ते या जातीच्या औषधांबरोबर येतं आणि औषध असेपर्यंत मुक्कामाला राहतं, कारण आतड्याची हालचालच मंदावते. आपल्याकडं पहिला उपाय इसबगोल. इथं तो फारसा चालत नाही. इसबगोल मळाचा आकार वाढवतो, पण तो पुढं ढकलायला आतडं हलायला हवं ना! उलट पोट गच्च होतं. मला डॉक्टरांनी मळ मऊ करणारं लॅक्ट्युलोज दिलं आणि ते गोळीच्या पहिल्या दिवसापासून घ्यायला सांगितलं. कंबरेच्या रुग्णाला कुंथायला लागणं म्हणजे काय शिक्षा असते, ते ज्याचं त्याला ठाऊक. चिठ्ठीवर पोटाचं औषध नसेल तर लाजू नका, विचारा.

आईचा किस्सा सांगायलाच हवा. तिचे गुडघे दुखतात, मधुमेह आहे, आणि वडील गेल्यापासून मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली एसिटॅलोप्रॅमची गोळी चालू आहे. मला चालता-फिरता बघून एक दिवस म्हणाली, “तुझ्या गोळीनं गुण आला न्हवं, मग दे की एक मलाबी.” आपल्या घरांत औषध हे लोणच्यासारखं वाटून घेतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण ट्रॅमाडॉल मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायनही वाढवतं आणि एसिटॅलोप्रॅमही तेच करतं. दोन्ही एकत्र झाली तर थरथर, घाम, ताप, छातीत धडधड, भ्रम इथपर्यंत जाऊ शकतं, फिट येण्याचा धोकाही वाढतो. मधुमेहाच्या औषधांवर असलेल्यांची साखर ट्रॅमाडॉलनं कधीकधी खाली जाते. तिला हे सगळं सांगत बसलो नाही. “तुझ्या डोक्याच्या गोळीशी याचं भांडण आहे” म्हटलं, तेवढं तिला पुरलं. पुढच्या आठवड्यात गुडघ्यासाठी तिला वेगळं दाखवून आणलं. फिट येणाऱ्यांनी, किडनी कमजोर असलेल्यांनी आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ही गोळी लिहून घेण्याआधी स्वतःहून तसं सांगावं. बारा वर्षांखालच्या मुलाला तर द्यायचीच नाही.

सायटिकाच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा रात्रीची प्रेगाबालिन, म्हणजे नसेच्या दुखण्यावरची गोळी, असतेच. माझ्याही होती. तीही गुंगी आणणारी, ट्रॅमाडॉलही. दोन्ही डॉक्टरांच्या नजरेखाली चालतात, पण त्यात झोपेची गोळी किंवा दारू आली तर श्वासच मंदावू शकतो. मी घोरतो की नाही, हे डॉक्टरांनी मला न विचारता बायकोला विचारलं, आणि झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटला तर सांगा म्हणाले. माणूस हलवूनही नीट जागा होत नाही, श्वास फार संथ झालाय, ओठ निळसर दिसतायत, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, असं काही दिसलं तर १०८ ला फोन. लग्नसराईतल्या ‘बसण्या’ मी तेवढे महिने टाळल्या. मित्रांना वाईट वाटलं.

मिळण्याबद्दल. ट्रॅमाडॉल शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत अशा औषधांच्या सरकारी यादीत आहे; हे शेड्यूल २०१४ पासून लागू झालं. दुकानदारानं चिठ्ठी बघून रुग्णाचं, डॉक्टरांचं, औषधाचं नाव आणि किती दिल्या हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. एप्रिल २०१८ मध्ये सरकारनं ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखालीही आणलं. कागदावर एवढा बंदोबस्त. प्रत्यक्षात आमच्याच भागातल्या एका दुकानात चिठ्ठीचा विषयही न निघता “किती देऊ?” एवढंच विचारलं गेलं. दुसऱ्या दुकानात चिठ्ठी बघितली, फोटो काढला, नाव लिहून घेतलं, आणि मागच्या रांगेतला एकजण “काय चौकशी लावलीय” म्हणून कुरकुरला. मी पुढं कायम त्याच दुसऱ्या दुकानात गेलो. मुला-मुलीकडं दुबईला निघालेल्यांसाठी जाता जाता: तिकडं ट्रॅमाडॉल नियंत्रित औषध आहे, नेण्याआधी तिथल्या सरकारची परवानगी काढावी लागते. बॅगेत सहज टाकलेली पट्टी विमानतळावर महागात पडू शकते.

महिने गेले तसा असर थोडा उतरला. पूर्वी सहा तास चालणारी गोळी चार तासांतच संपल्यासारखी वाटायची. अशा वेळी हात आपसूक पुढच्या गोळीकडं जातो. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी मात्रा वाढवली नाही, उलट आता उतरवायला घेऊ म्हणाले. शरीर औषधाला सरावलं की असं होतं आणि तिथं मात्रा वाढवत गेलं की खड्डा खोल होत जातो, असं त्यांचं म्हणणं.

उतरवणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग होता. एकदम बंद करायची नाही, हे बजावून सांगितलं होतं. माझ्यासाठी त्यांनी साधारण आठवड्याला एक गोळी कमी असा क्रम आखला, शेवटी अर्धी. तुमचा क्रम वेगळा असेल. गोळी कमी झाली की दोन-तीन दिवस जांभया, नाक वाहणं, घाम, पोट बिघडणं, पायांत न सांगता येणारी अस्वस्थता, आणि चिडचिड तर विचारू नका. आमच्या मेहुण्यांनी लगेच निदान केलं, “लागली बघा याला सवय.” शरीराला औषधाची सवय होणं आणि औषधामागं धावणं यांत फरक आहे. पहिलं माझ्यासारख्या नियमानं घेणाऱ्यालाही होतं आणि हळूहळू उतरवलं की जातं. दुसऱ्यात माणूस दुखणं नसताना घेतो, लपवतो, डॉक्टर बदलत फिरतो. असं काही स्वतःत दिसलं तर तेही डॉक्टरांसमोर बोलावं, त्यावरही उपचार आहेत. पण पहिल्याच्या भीतीनं गोळी अचानक फेकून देणारे लोक मी पाहिलेत. त्यांचे हाल जास्त होतात.

गोळ्या कपाटात कुलपात होत्या. घरात कॉलेजला जाणारा पुतण्या, त्याचे मित्र येऊन-जाऊन. अविश्वास म्हणून नाही, पण उघड्यावर ठेवायची ही वस्तू नव्हे. उरलेल्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. औषधं संडासात टाकू नयेत असं आपण ऐकत आलोय, पण केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेनं २०२५ मध्ये काढलेल्या सूचनांत सतरा औषधांची यादी आहे, जी कचऱ्यात न टाकता फ्लश करावीत, कारण चुकीच्या हाती पडली तर एकच मात्राही घातक ठरू शकते. ट्रॅमाडॉल त्या यादीत आहे. आम्ही तसंच केलं.

एक तक्रार राहिली. दुकानदार कात्रीनं पट्टी कापून देतात. पाच गोळ्या मागितल्या की नाव एका तुकड्यावर, मुदत दुसऱ्यावर, आणि आत कोणतं औषध किती आहे हे बारीक अक्षरातलं वाक्य अर्ध्यावर तुटलेलं. जिच्यात पॅरासिटामॉल दडलंय तिच्यावरच ते वाचता येत नाही. शक्य असेल तर अख्खी पट्टी घ्या. नसेल तर कापायच्या आधी काउंटरवरच मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा आणि बिलही टाकू नका; ताप आल्यावर रात्री अकरा वाजता डॉक्टरांना फोन केला की ते पहिलं हेच विचारतात.