टोकोनामेची लाल किटली: पैसे रंगाचे नव्हे, झाकणाचे

जपानच्या आयची प्रांतातल्या टोकोनामेची 'क्यूसू', म्हणजे बाजूला दांडा असलेली छोटी किटली, घ्यायची तर सही-शिक्का नंतर बघा, आधी झाकण. चांगला कारागीर झाकण आणि तोंड एकमेकांवर घासून जुळवतो. किटलीत पाणी भरा, झाकणाचं भोक बोटाने दाबा आणि ओता. धार थांबली तर जोड बरोबर आहे. कडेने पाणी झिरपलं तर ती घेऊ नका.

या लाल मातीला 'शुदेई' म्हणतात. तिच्या किटल्या इथे 1854 पासून घडतात. झिलई नाही, रंग लोहाचा. भट्टीत हवा खेळती असली की लाल, कोंडली की काळा. लोहामुळे तुरटपणा उतरतो असं विक्रेते आवर्जून सांगतात. उतरत असेलही, पण चवीत खरा फरक पडतो तो जाळीने आणि धारेने. हाताने घडवलेल्या किटलीत जाळीही मातीचीच, बारीक भोकं पाडून तोटीच्या आतून बसवलेली. साध्या 'सेंचा'साठी, म्हणजे जपानच्या नेहमीच्या हिरव्या चहासाठी, ती उत्तम. मात्र 'फुकामुशी', म्हणजे जास्त वाफवलेल्या चहाचा चुरा तिच्यात अडकतो आणि धार करंगळीएवढीही उरत नाही. तो चहा रोजचा असेल तर बारीक स्टीलची जाळी असलेली घ्या, कितीही कमी देखणी वाटली तरी.

दोघांना 200 मिलि पाण्याची पुरते. पत्ती 5 ग्रॅम, पाणी 70 ते 80 अंश, वेळ एक मिनिट. प्रत्येक कपात थोडं थोडं, आलटून पालटून ओतायचं, म्हणजे कडकपणा सारखा येतो. शेवटचा थेंबही झटकून काढा. तळाशी पाणी राहिलं की पत्ती मुरत राहते आणि त्याच पत्तीचा दुसरा चहा कडू होतो. ओतून झालं की झाकण जरा तिरकं ठेवा.

दांडा उजव्या हातासाठी असतो. डावखुऱ्यांसाठी वेगळी मिळते, मागून घ्यावी लागते.

तोटीवरची प्लास्टिकची नळी फक्त प्रवासात तोटी फुटू नये म्हणून असते. बरेच जण ती तशीच ठेवतात, मग आत चहा साचून बुरशी धरते. साबण नको, नुसतं गरम पाणी. झाकण काढून उपडी वाळवा. आणि गॅसवर ठेवून आपला दुधाचा चहा उकळायला तर हिला अजिबात लावू नका: आच लागली की तडकते, आणि दुधाचा वास मातीतून जाता जात नाही.