झायन पाहावे की ब्राइस कॅनियन?

अमेरिकेतील युटा राज्याच्या दक्षिण भागातील झायन आणि ब्राइस कॅनियन ही राष्ट्रीय उद्याने एकमेकांपासून मोटारीने साधारण दोन तासांवर आहेत, त्यामुळे हाताशी वेळ कमी असला की यांपैकी कोणते निवडावे, हा प्रश्न पडतोच.

झायनमध्ये आपण दरीच्या तळाशी असतो. व्हर्जिन नदीने कोरलेल्या वालुकाश्माच्या भिंती काही ठिकाणी ६०० मीटरपर्यंत चढत जातात आणि त्यांच्याकडे मान वर करूनच पाहावे लागते. येथील सर्वांत विलक्षण अनुभव म्हणजे ‘नॅरोज’: दोन्ही कडे जवळ येत जातात, वेगळी पायवाट अशी उरतच नाही आणि काठीने तळाचे गोटे चाचपत नदीच्या प्रवाहातूनच चालावे लागते. मात्र जुलै ते सप्टेंबरमध्ये दूरवर पडलेल्या पावसानेही येथे अचानक लोंढा येऊ शकतो, म्हणून त्या दिवशीचा पुराचा इशारा पाहिल्याशिवाय पाण्यात उतरूच नये. साखळ्या धरून चढायच्या ‘एंजल्स लँडिंग’साठी २०२२ पासून परवाना लागतो. वर्षातील बराच काळ मुख्य दरीत खासगी गाड्यांना मज्जाव असतो आणि उद्यानाच्या बसनेच फिरावे लागते. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जातो.

ब्राइस ही खरे पाहता दरी नव्हेच. पठाराची कड झिजून तेथे अर्धवर्तुळाकार खोलगट भाग तयार झाले आहेत. भेगांत शिरलेले पाणी रात्री गोठते, फुगते आणि खडक फोडते. हेच वर्षानुवर्षे घडत आल्याने नारिंगी, गुलाबी सुळक्यांची दाटी उभी राहिली आहे. कड्यावर गाडीतून उतरताच हे सारे समोर दिसते, त्यामुळे वयस्कर मंडळी सोबत असतील किंवा एकच दिवस मिळणार असेल, तर मी निःशंकपणे ब्राइसच सुचवेन. सूर्योदय चुकवू नये, कारण मुख्य भाग पूर्वाभिमुख आहे. मात्र कडा समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० ते २,७०० मीटर उंचीवर असल्याने खाली उतरून पुन्हा चढताना दम लागतो, आणि उन्हाळ्यातही पहाटे गरम कपडे लागतात.

दोन-तीन दिवस आणि चालण्याची उमेद असेल, तर झायनला पर्याय नाही. दोन्ही जमत असतील, तर आधी झायन करावे, कारण ब्राइसच्या तळाशी असलेला खडकाचा थर झायनमध्ये अगदी माथ्यावर आढळतो, म्हणजे या क्रमाने गेल्यास खालच्या, जुन्या थरांकडून वरच्या, नव्या थरांकडे जाता येते.