सॅन फ्रान्सिस्को बे वॉटर ट्रेल: धक्के बांधायला पैसा आहे, सांभाळायला नाही

कयाक, पॅडलबोर्ड, वल्ह्याची होडी किंवा विंडसर्फ घेऊन सॅन फ्रान्सिस्को उपसागरात उतरायचं असेल, तर सुरुवात बे एरिया वॉटर ट्रेलच्या नकाशापासून करावी. पाण्यात आखलेली वाट अशी काही नाही. नऊ काउंट्यांच्या किनाऱ्यावर, बिनइंजिनाच्या छोट्या होड्यांसाठी निवडलेल्या उतरण्याच्या जागांचं हे जाळं आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या २००५ च्या कायद्याने त्याची पायाभरणी झाली आणि २०११ मध्ये आराखडा पक्का झाला. सूत्रं किनाऱ्याचं काम पाहणाऱ्या राज्य संस्थेकडे, स्टेट कोस्टल कॉन्झर्व्हन्सीकडे आहेत, पण जागा त्या त्या शहराच्या, काउंटीच्या, पार्क डिस्ट्रिक्टच्या किंवा बंदराच्याच राहतात. मालक स्वखुशीने सामील होतो. त्याला पाट्या, सल्ला आणि अनुदानाची संधी मिळते, नवे नियम लादले जात नाहीत. सेवा म्हणून या जाळ्याला चांगले गुण द्यावे लागतात. जे गुण कापायचे ते देखभालीचे, आणि त्याचं मूळ पैशाच्या रचनेत आहे.

आधी चांगलं काय ते. मोटरबोटीसाठी बांधलेला तरंगता धक्का पाण्यापासून दीड-दोन फूट उंच असतो. कयाकमधून त्यावर चढणं अवघड, आणि त्यावरून कयाकमध्ये उतरताना होडी उलटायची भीती जास्त. हीच उंची सहा ते बारा इंचांवर आणली की बसल्या बसल्या धक्क्यावर सरकता येतं. एवढा एक बदल झाला, तर गुडघे दुखणाऱ्या माणसापासून लहान मुलापर्यंत सगळ्यांना पाणी खुलं होतं. त्याला जोडून लागतं ते साधंच: होडी उतरवायला थोडा वेळ गाडी थांबवता येईल अशी जागा, शिडं उभारायला मोकळं गवत, स्वच्छतागृह आणि होडी धुवायला गोड्या पाण्याचा नळ. अशा छोट्या कामांवर खर्चलेला पैसा सर्वांत जास्त उपयोगी पडतो, हे ठामपणे म्हणता येतं.

महाग पडतो तो किनाऱ्यावरून तरंगत्या धक्क्यावर नेणारा, पाण्याबरोबर एका टोकाला वर-खाली होणारा पूल (गँगवे). अपंगांच्या सोयीच्या केंद्रीय मानकांप्रमाणे त्याचा उतार १:१२ पेक्षा, म्हणजे बारा फुटांमागे एक फुटापेक्षा तीव्र नको. गोल्डन गेटपाशी भरती-ओहोटीतला रोजचा मोठा फरक सहा फुटांच्या आसपास असतो, पण दक्षिण उपसागरात तो आठ फुटांच्या पुढे जातो. आठ फुटांना बाराने गुणलं की ९६ फूट लांबीचा पूल लागतो, आणि उधाणाच्या दिवसांत त्याहून जास्त. म्हणून मानकांतच सूट आहे: पूल ८० फूट लांब असेल तर उतार थोडा वाढला तरी चालतो, आणि २५ पेक्षा कमी होड्यांच्या जागांसाठी ३० फूटही पुरतात. छोटं शहर साहजिकच ३० फुटांवर थांबतं. कागदावर नियम पाळलेला असतो, पण मोठ्या ओहोटीला चाकाची खुर्ची त्या उतारावरून कोणी ढकलू शकत नाही. अनुदान मंजूर करणाऱ्यांनी किमान लांबीवर समाधान मानू नये. त्या जागेची खरी ओहोटी मोजून लांबी ठरवायला लावावी.

पैसा येतो कुठून? सर्वांत मोठा वाटा राज्याच्या रोख्यांचा. मतदारांनी रोख्यांचे दोन प्रस्ताव, २०१८ मध्ये प्रपोझिशन ६८ (सुमारे ४ अब्ज डॉलर) आणि २०२४ मध्ये प्रपोझिशन ४ (१० अब्ज डॉलर) मंजूर केले. त्यातला काही भाग कोस्टल कॉन्झर्व्हन्सीमार्फत किनाऱ्यावर पोहोचतो. दुसरा झरा ‘मेझर एए’ हा मालमत्तांवरचा कर. जून २०१६ मध्ये नऊ काउंट्यांच्या एकत्रित मतदानात दोन तृतीयांशांहून जास्त मतांनी तो मान्य झाला. २०१७ पासून २० वर्षं दर मालमत्तेमागे वर्षाला १२ डॉलर, म्हणजे सालाना सुमारे अडीच कोटी डॉलर. मुख्य काम खाऱ्या पाण्याच्या दलदलीच्या पुनरुज्जीवनाचं असलं, तरी किनारा लोकांना खुला करणं हेही त्याच्या उद्दिष्टांत आहे. लहान घर असो की मोठ्या कंपनीचं आवार, रक्कम तीच, हा त्यातला अन्याय मात्र डोळ्यांत खुपतो. केंद्राच्या लँड अँड वॉटर कॉन्झर्वेशन फंडाला २०२० च्या कायद्याने दरवर्षी ९० कोटी डॉलर कायमचे मिळाले. तिथून पैसे घ्यायचे तर निम्मा वाटा स्वतः घालावा लागतो आणि ती जमीन पुढे मनोरंजनासाठीच राखावी लागते.

आणखी एक निधी राज्याच्या नौकाविहार विभागाचा आहे. त्याचा पैसा मोटरबोटींच्या इंधनावरच्या करातून आणि होड्यांच्या नोंदणीतून जमतो. कॅलिफोर्नियात हाताने वल्हवायच्या होडीला नोंदणी लागत नाही, म्हणून कयाकवाले या पेटीत काही टाकत नाहीत. होड्या पाण्यात सोडायचे जुने उतार (रॅम्प) ट्रेलरसाठीच बांधले गेले त्यामागे हेच गणित आहे: १५ टक्क्यांच्या आसपास तीव्र, काँक्रीटचे, खालच्या टोकाला शेवाळाने निसरडे. आता बिनइंजिनाच्या होड्यांच्या जागांसाठीही या विभागाकडून वेगळं अनुदान मिळतं. कयाकवाल्यांकडून छोटं ऐच्छिक शुल्क घेतलं, तर त्यांचा हक्क अधिक पक्का होईल.

या सगळ्या पैशाला एक मोठी अट आहे. रोख्यांचा पैसा बांधकामाला आणि जमिनीला चालतो, झाडलोट, दुरुस्ती, गाळ उपसणं यांना चालत नाही. उलट अनुदान घेणाऱ्याला साधारण २० वर्षं ती जागा चालू ठेवण्याची हमी द्यावी लागते, स्वतःच्या खर्चाने. दक्षिण उपसागरात गाळ साचणं थांबत नाही. पालो आल्टोच्या बेलँड्समधलं होड्यांचं बंदर उपसा थांबल्यावर १९८० च्या दशकात बंद पडलं आणि गाळाने भरून दलदल झालं. आज तिथल्या सेलिंग स्टेशनच्या धक्क्यावरून उतरायचं तर भरती गाठावी लागते. अल्विसोला २०१० मध्ये नवा उतार झाला आणि तो उत्तम आहे, पण तिथली खाडीही ओहोटीला उथळ होते. चिखलात होडी रुतली तर बाहेर पाऊल टाकू नये. मांडीपर्यंत पाय जातो आणि ओढून काढता येत नाही. होडीतच बसून पुढच्या भरतीची वाट पाहावी.

ज्या शहराला अनुदान मागायचं आहे त्याने वेळेचा हिशेब नीट करावा. किनाऱ्यापासून १०० फुटांच्या पट्ट्यात काम असेल तर उपसागर आयोगाची, म्हणजे बीसीडीसीची परवानगी लागते. पाण्यात खांब ठोकायचे तर लष्कराच्या अभियंता विभागाची आणि प्रादेशिक जल मंडळाचीही लागते. सॅमनसारख्या माशांच्या स्थलांतरामुळे पाण्यातलं काम बहुतेक ठिकाणी जून ते नोव्हेंबर एवढ्याच मुदतीत करता येतं. परवाना ऑक्टोबरमध्ये हातात आला तर वर्ष गेलंच, आणि तोवर पोलादाचा भाव जुना राहत नाही. शिवाय पैसा परतफेडीने मिळतो: आधी कंत्राटदाराचं बिल भरा, मग पावत्या पाठवा. शेवटची काही टक्के रक्कम काम पूर्ण होईपर्यंत राखलेली असते. ज्यांच्या तिजोरीत काही महिन्यांचा खेळता पैसा नाही, अशा छोट्या संस्था इथेच अडकतात. आराखडा आणि परवान्यांसाठी आधी वेगळं छोटं अनुदान मागणं आणि बांधकामाचा अर्ज परवाने हातात आल्यावर करणं, हाच शहाणपणाचा क्रम.

वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी कायम तपासाव्यात. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेचा वारा १५ ते २५ नॉटपर्यंत (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) चढतो, म्हणून सकाळी निघून दुपारच्या आत परतावं. गोल्डन गेटजवळ ओहोटीचा ओघ ४ नॉटच्या वर जातो, आणि सामान्य माणूस कयाक ३ नॉटनेच वल्हवतो, म्हणजे तिथे ओढला गेलेला स्वतःच्या बळावर परत येत नाही. रिचर्डसन उपसागरातलं पक्षी अभयारण्य १ ऑक्टोबर ते ३१ मार्च होड्यांना बंद असतं. हिवाळी पाणपक्ष्यांसाठी ते योग्यच आहे.

पाट्यांबद्दल तक्रार आहे. नकाशा, सील प्राण्यांपासून अंतर राखण्याची सूचना, लाइफ जॅकेटचा आग्रह, हे सगळं नीट लिहिलेलं असतं. पण हा उतार किती फुटांच्या भरतीखाली निकामी होतो, हा आकडा प्रत्येक ठिकाणी ठळक हवा. भरतीचं कोष्टक गोल्डन गेटचं पाहिलं तर दक्षिण टोकाला भरती तासाभराहूनही उशिरा येते, हेही तिथेच लिहावं. त्या जागी एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला (भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा) जाऊन मोजमाप घेतलं की हा आकडा मिळतो, आणि तो रंगवायला कुठल्याही रोख्याची गरज नाही.