कोटाचं अस्तर: मशीनने उलटवून घ्यायचं की हाताने बसवायचं?

कोटाचं बाहेरचं काम संपलेलं असतं. कॉलर बसलेली, बाह्या लागलेल्या, खिसे झालेले, खालची दुमड आतून टाके घालून धरलेली. अंगात घातला की आरशात कोट दिसतो. काढून उलटा केला की कॅनव्हासचे (छातीला आकार देणाऱ्या आतल्या ताठ कापडाचे) टाके, खिशांच्या पिशव्या, खांद्याच्या गाद्या असा सगळा संसार उघड्यावर. घरी शिवलेला पहिला कोट बहुतेक इथेच येऊन महिनोन् महिने हँगरला लटकतो, कारण अस्तर नेमकं कसं लावायचं ते ठरत नाही.

मार्ग मुख्यतः दोन. एक पिशवी पद्धत. अस्तराचा जणू दुसरा कोट शिवायचा, तो बाहेरच्या कोटाला सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून चहूबाजूंनी मशीनने जोडायचा आणि एका भोकातून सगळं उलटवून बाहेर काढायचं. दुसरा मार्ग हाताचा. कोट उलटा करून अस्तर त्यावर पसरायचं, कच्च्या टाक्यांनी धरायचं आणि कडा आत दुमडून सुईने शिवायच्या. या दोन्हींची सरमिसळही करता येते आणि माझा कल तिकडेच आहे, हे आधीच सांगून टाकते.

ज्यांचा हात ब्लाऊजवर बसलेला आहे त्यांनी एक सवय बाजूला ठेवावी. ब्लाऊजला आपण अस्तर कडेने टीप मारून वरच्या कापडाला जोडतो आणि पुढे दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवतो. कोटात अस्तर सुटं राहतं आणि ते कोटापेक्षा मोठं असतं. हात पुढे केला की पाठ ताणली जाते. लोकर थोडी सैल पडते, अस्तर अजिबात पडत नाही. म्हणून पाठीच्या मध्यावर, घडीच्या बाजूला, 2 सें.मी. जास्त सोडून चुणी ठेवतात. उघडल्यावर ते 4 सें.मी. होतात. काखेत अस्तराचा मुंढा (बाही जोडायची गोलाई) साधारण दीड सें.मी. वर चढवतात, कारण तिथे कोटाच्या मुंढ्याची माया (टिपेबाहेर राहणारं कापड) उभी राहते आणि अस्तराला तिच्यावरून जावं लागतं. खालच्या कडेलाही घडी पडेल इतकी लांबी हवी. कोटाची दुमड 4 सें.मी. आणि शिवणीची माया 1 सें.मी. असेल, तर अस्तर तयार कोटाच्या लांबीबरोबर कापायचं. शिवल्यावर 2 सें.मी. जास्तीचे उरतात आणि खाली 1 सें.मी.ची घडी लोंबते. बसताना-उठताना अस्तराला लागणारी जागा त्या घडीतून मिळते.

हा सैलपणा दोन्ही पद्धतींत लागतो. पण पिशवी पद्धतीत तो कागदावरच, म्हणजे ज्यावरून कापड कापतो त्या नमुन्यावर, कापण्याआधी, नक्की करावा लागतो. हाताने बसवताना अस्तर कोटावर पसरून तो जागेवर ठरवता येतो आणि जास्तीचं कापड नंतर छाटता येतं. ऐकायला बारीक वाटतं, पण सगळा निर्णय इथेच फिरतो. ट्रायलच्या वेळी तुम्ही बगलेच्या (दोन्ही बाजूंच्या उभ्या) शिवणी अर्धा-अर्धा सें.मी. आत घेतल्या असतील, एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता म्हणून गादी बदलली असेल, बाही थोडी पुढे फिरवली असेल. घरी शिवलेल्या कोटात हे होतंच. हे सगळे बदल अस्तराच्या कागदावर उतरवले नाहीत तर पिशवी पद्धतीत अस्तर कोटाशी भांडतं. कुठे झोळ येतो, कुठे खालची कड आत ओढली जाते. सगळं उलटवून झाल्यावर हे कळतं, आणि तेव्हा उसवण्याशिवाय इलाज नसतो.

बाकी पिशवी पद्धतीला नावं ठेवण्याचं कारण नाही. अस्तराच्या एका बाहीच्या आतल्या शिवणीत 20 ते 25 सें.मी. जागा न शिवता ठेवायची, समोरच्या आतल्या पट्ट्यांना आणि मागच्या गळ्याला अस्तर जोडायचं, मग बाह्यांची तोंडं, मग खालची कड, शेवटी त्या भोकातून कोट बाहेर. कागद अचूक असेल तर एका दुपारचं काम आहे आणि शिवण हातापेक्षा मजबूत होते. रेडीमेड कोट असेच होतात. उलटवण्याआधी खांद्याला आणि काखेत अस्तराची माया कोटाच्या मायेला चार टाक्यांनी किंवा छोट्या पट्टीने धरायला मात्र विसरू नका, नाहीतर कोट काढताना बाहीचं अस्तर हाताबरोबर बाहेर येतं.

सगळ्यात फसवी जागा बाहीचं तोंड. कोटाची बाही आणि अस्तराची बाही एकात एक घालून शिवायचा मोह होतो, आणि तसं केलं की उलटवल्यावर बाहीला पीळ पडलेला असतो. दोन्ही बाह्यांची तोंडं दोन हत्तींनी सोंडा भिडवाव्यात तशी समोरासमोर आणायची, आतली शिवण आतल्या शिवणीला लावायची, आणि टीप मारण्याआधी एकदा टाचणीवरच उलटवून बघायचं. मी पहिल्या कोटात हे बघितलं नाही. डावी बाही दोनदा उसवली, आणि व्हिस्कोसचं (लाकडाच्या लगद्यापासून बनणाऱ्या धाग्याचं) कापड दोनदा उसवल्यावर सुईची भोकं लपवत नाही.

हाताने बसवण्यात वेळ जातो तो मुख्यतः मुंढ्यात. समोरचे भाग आतल्या पट्टीला मशीनने जोडता येतात. पाठ, बगला, खांदे हेही मशीनवर होतं. पण बाहीचं अस्तर वेगळं राहतं. ते आधी बाहीच्या तोंडाशी बसवायचं, वर ओढून घ्यायचं, गोलाईची कड आत दुमडायची, जास्तीचा घेर बारीक विभागून द्यायचा आणि मुंढ्याभोवती 3 मि.मी.च्या अंतराने तिरपे टाके घालत जायचं. रेशमी दोरा असेल तर उत्तम, कारण तो थोडा ताण सोसतो. दोन्ही मुंढे, खालची कड आणि बाह्यांची तोंडं धरून मला एका कोटाला सहा-सात तास लागतात, आणि ते मी एका बैठकीत करत नाही. डोळे थकले की टाके लांबतात.

एवढा वेळ घालून काय मिळतं? फिरता हात. मुंढ्यात हाताचा टाका थोडा देतो, मशीनची टीप देत नाही. हा फरक कोट घालून गाडी चालवली की कळतो, आरशासमोर उभं राहून कळणार नाही. आणि दुसरं म्हणजे दुरुस्ती, जिचा विचार कोट नवा असताना कुणी करत नाही. अस्तर कोटाच्या आधी मरतं. पहिल्यांदा काखेत, मग खिशाच्या तोंडाशी, मग पाठीवर कॉलरच्या खाली. हाताने बसवलेल्या बाहीचं अस्तर तेवढंच उसवून, त्याचाच कागद करून, नवं बसवता येतं, बाकी कोटाला हात न लावता. पिशवी पद्धतीच्या कोटातही बाहीची शिवण उसवून आत शिरता येतं, पण अख्खं अस्तर बदलायचं झालं तर समोरच्या पट्टीपर्यंतची टीप उसवावी लागते. लग्नानंतर वजन वाढलं आणि बगल सोडायची वेळ आली की हाच हिशेब पुन्हा मांडला जातो.

काही कोटांच्या बाबतीत तर निवडीला वावच नसतो. छातीत कॅनव्हास हाताने भरून, वाफ देऊन आकार आणलेला कोट बाहीच्या 20 सें.मी.च्या भोकातून चुरगाळत ओढून काढायचा, हे मला पाहवत नाही. त्यातही पिशवीच करायची असेल तर भोक पाठीच्या खालच्या कडेला, मोठं ठेवावं. मागे व्हेंट (खालची उभी चीर) असेल तर तिथे अस्तराचे डावे आणि उजवे भाग वेगळे कापले जातात आणि मशीनने तो कोपरा चोख आणायला बराच सराव लागतो. हाताने तो दहा मिनिटांत बसतो. उलट, चिकट बकरम (ताठपणासाठीचं आतलं कापड) इस्त्रीने लावलेला साधा ब्लेझर, व्हेंट नाही, कागद आधी एकदा शिवून तपासलेला, अशा कोटाला सात तास हाताने बसणं मला तरी पटत नाही. त्याला पिशवी करा आणि मोकळे व्हा.

गुडघ्यापर्यंतचा जाड लोकरीचा ओव्हरकोट हे तिसरंच प्रकरण. जड कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, अस्तर उतरत नाही. खालची कड बंद केली असेल तर काही दिवसांनी कोटाचा खालचा भाग आत ओढला जाऊन फुगतो. म्हणून तिथे वरचं सगळं पिशवी पद्धतीने करावं, पण खालची कड सुटी ठेवावी. अस्तर कोटापेक्षा 2-3 सें.मी. आखूड, त्याची दुमड वेगळी शिवलेली, आणि बगलेच्या शिवणींपाशी दोऱ्याच्या 3-4 सें.मी.च्या साखळीने कोटाला बांधलेलं. परदेशात थंडीच्या गावात राहणाऱ्यांना असाच कोट लागतो, आणि तो घरी शिवणाऱ्यांनी ही साखळी टाळू नये.

मुंबई-कोकणातल्या दमट हवेसाठी अर्धं अस्तर लावायचा सल्ला हमखास मिळतो. सल्ला बरोबर आहे, फक्त त्यात काम वाचतं ही समजूत चूक. पाठीचा खालचा भाग उघडा राहिला की तिथली प्रत्येक शिवण दिसते. तिची माया नुसती इंटरलॉक करून चालत नाही, तिरक्या कापडाच्या पट्टीत गुंडाळावी लागते. खिशांच्या पिशव्याही नीट दिसतील अशा लागतात. बाह्यांना अस्तर तरीही लागतंच, नाहीतर शर्टाच्या बाह्यांवर कोट चढत नाही. अर्ध्या अस्तराचा कोट मला पूर्ण अस्तराच्या कोटापेक्षा जास्त वेळ घेऊन शिवावा लागला. अंगात मात्र तो खरंच हलका लागतो. सैल विणीच्या कापडाला हा प्रकार नको, कारण अस्तराचा आधार नसेल तर बसून बसून पाठीचा खालचा भाग पसरतो.

आता कापड. मॅचिंग सेंटरमध्ये कोटाचं अस्तर मागितलं तर बहुधा पॉलिस्टर पुढे येतं, आणि 'सॅटिन' हा शब्द ऐकून आपण फसतो. सॅटिन हे विणीचं नाव आहे. ती वीण रेशमाची असू शकते, व्हिस्कोसची असू शकते, पॉलिस्टरचीही. खात्री करायची तर एक धागा काढून घरी जाळून बघा. व्हिस्कोस कागदासारखं जळून राख होतं, पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो. या फरकाला कारण आहे. हवेतली ओल धरण्याची पॉलिस्टरची क्षमता वजनाच्या 0.4 टक्के, व्हिस्कोसची 11 ते 13 टक्के, सुती कापडाची साधारण 8. लग्नाच्या हॉलमध्ये तीन तास कोट घालून उभं राहायचं असेल तर हे आकडे पाठीवर जाणवतात. कोरड्या थंडीत पॉलिस्टर अंगाला चिकटतं आणि काढताना चटके देतं, ते वेगळंच.

व्हिस्कोसचीही खोड आहे. ओलं झालं की त्याची ताकद बरीच कमी होते, त्यामुळे घामाच्या जागी, म्हणजे काखेत, ते आधी जातं. ते आटतं, म्हणून कापण्याआधी भरपूर वाफ देऊन इस्त्री करावी. हे कापड आपल्याला परकं नाही. व्हिस्कोसचा अखंड धागा कल्याणजवळच्या शहाडला तयार होतो. त्याच कुळातलं, पण अंगाला जास्त सुखद, ते क्युप्रो. सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून ते बनतं. जपानमध्ये नोबेओका इथे आसाही कासेई ही कंपनी 1931 पासून ते बनवते आणि 'बेंबर्ग' या नावाने विकते. परवडलं आणि मिळालं तर दुसरं काही बघू नका. सुती अस्तर पाठीला चालेल, बाहीला अजिबात नाही, कारण सुतावर सूत अडकतं. रेशीम सुंदर दिसतं, पण घामाने लवकर विरतं आणि डाग धरतं.

कापडाचा पद्धतीशी संबंध आहे. क्युप्रो आणि व्हिस्कोस मशीनखाली सरकतात, लांब टिपेत वरचं कापड पुढे-मागे होतं. नवी, बारीक सुई, नऊ किंवा फार तर अकरा नंबरची, टीप 2 ते 2.5 मि.मी. आणि आधी कच्चा दोरा, एवढं केलं नाही तर चुण्या पडतात. पॉलिस्टर मशीनवर जास्त सहन करतं, पण दुमडीवर इस्त्री नीट बसत नाही, त्यामुळे हाताने शिवताना कड बोटांखालून उलगडत राहते. म्हणून पॉलिस्टर असेल तर मी सरळ पिशवी करते. क्युप्रो आणलं असेल तर सरमिसळ. समोरच्या पट्ट्या, पाठ, बगला, खांदे मशीनने. कोट टेबलावर उलटा पसरून अस्तराचा सैलपणा कच्च्या टाक्यांनी नक्की करते. मुंढे, बाह्यांची तोंडं आणि खालची कड हाताने. यात मला चार तास जातात आणि जिथे हाताचा टाका खरोखर कामाला येतो त्या सगळ्या जागा हाताने होतात. वेळ फारच कमी असेल तर खालची कड मशीनला द्यावी, मुंढे देऊ नयेत.

पिशवीच करायचं ठरवलं असेल तर भोक बंद करण्याआधी दोन कामं. कोट अंगात घालून दोन्ही हात पुढे करा, मग वर करा. पाठीला किंवा बाहीच्या तोंडाला ओढ बसली तर उसवण्याची शेवटची संधी आत्ताच आहे. आणि भोकातून हात घालून आतली खालची कड, खांदे, कॉलरची मुळं सगळी चाचपा, टाचणी राहिलेली असते. माझ्या एका कोटात खडूचा तुकडा राहिलाय, चालताना तो उजव्या बगलेत खाली-वर होतो.