४ टीबी पोर्टेबल हार्ड ड्राइव्ह: काही महिन्यांच्या वापरानंतर

अडीच इंची, यूएसबी ३.० ची साधी ड्राइव्ह. काम एकच, फोटो-व्हिडिओ आणि लॅपटॉपचा बॅकअप. त्याला ती उत्तम आहे. मात्र खोक्यावरच्या ‘५ जीबीपीएस’कडे (सेकंदाला ५ गिगाबिट) पाहून घेऊ नका. तो आकडा जोडणीचा आहे, आतल्या तबकडीचा नाही.

यूएसबी ३.० मध्ये दर ८ बिटांसाठी १० बिट पाठवावे लागतात. म्हणून कागदावरच सेकंदाला ५०० एमबी उरतात, प्रत्यक्षात चारशेच्या आसपास. ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेऱ्यांची) तबकडी मात्र रिकामी असताना १२०-१३० एमबी देते आणि भरत आली की ६०-७० वर उतरते. कारण ती बाहेरच्या कडेपासून भरत जाते आणि बाहेरच्या एका फेऱ्यात आतल्यापेक्षा जास्त डेटा मावतो. तेव्हा अशाच तबकडीच्या १० जीबीपीएस, टाइप-सी मॉडेलला जादा पैसे मोजू नका. तो वेग एसएसडीलाच (तबकडीऐवजी चिप असलेल्या ड्राइव्हला) उपयोगी.

खरा फटका बसतो तो जोडणी गुपचूप यूएसबी २.० वर घसरली की. तिथे ३५-४० एमबीच्या पुढे काटा जात नाही. १ टीबी कॉपी करायला ११० च्या वेगाने अडीच तास लागतात, ३५ ने जवळजवळ आठ. ड्राइव्हच्या बाजूच्या चपट्या मायक्रो-बी प्लगचे दोन भाग असतात. तो पूर्ण बसला नाही किंवा सैल झाला की वेगवान तारांचा संपर्क तुटतो, ड्राइव्ह मात्र चालत राहते. काही जीबीची एकच मोठी फाइल कॉपी करून पाहा. वेग चाळिशीतच अडकला तर आधी केबल बदला, मग पोर्ट. टाइप-सी ड्राइव्हला मोबाइलच्या चार्जरची केबल लावू नका, त्यातल्या बऱ्याच २.० च्याच असतात.

या आकारात ४ टीबी म्हणजे एसएमआर तंत्र. डेटाच्या रांगा कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे एक रांग बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. सलग मोठ्या फाइली ठीक जातात. पण हजारो छोटे फोटो टाकले, जुने पुसून पुन्हा भरले, की थोड्या वेळाने वेग २०-३० वर येतो, कधी काही सेकंद शून्यावरही. ही बिघाडाची खूण नाही. कॉपी संपल्यावर ड्राइव्ह तासभर जोडलेली ठेवा, आतली आवराआवर ती स्वतः करते. व्हिडिओ एडिटिंग थेट हिच्यावरून करू नये, आणि रेडमध्ये (RAID, म्हणजे अनेक ड्राइव्ह एकत्र जोडून केलेला साठा) तर ही लावूच नये.

टिकटिक आवाज येऊन ड्राइव्ह मधेच गायब होत असेल तर आधी वीज तपासा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० चा ९००. साध्या हबवरून काढून थेट लॅपटॉपला लावा. तरीही आवाज थांबला नाही, तर डेटा लगेच दुसरीकडे हलवा.

फक्त विंडोज असेल तर ड्राइव्हचा फॉरमॅट एनटीएफएस ठेवा. मॅक ते वाचतो, त्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे वापरायची तर एक्सफॅट, पण त्यात जर्नल (बदलांची नोंदवही) नसल्यामुळे ‘इजेक्ट’ न करता ओढलेली केबल महागात पडते. विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसले म्हणून दुकानदाराशी भांडू नका, तो मोजणीतला फरक आहे.

महिन्यातून एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्हची तब्येत दाखवणारे सॉफ्टवेअर उघडा. ०५ (बदललेल्या खराब जागा) किंवा सी५ (संशयित जागा) चा आकडा वाढू लागला तर ड्राइव्हवर भरवसा ठेवू नका. सी७ (डेटा पाठवतानाच्या चुका) वाढला तर दोष बहुधा संपर्काचा. काही पोर्टेबल ड्राइव्हमध्ये यूएसबी पोर्ट थेट मूळ बोर्डावरच असतो, आत साटा (हार्ड ड्राइव्हची नेहमीची) जोडणी नसते. तो पोर्ट तुटला की दुसऱ्या केसमध्ये घालून डेटा काढता येत नाही. म्हणून प्लग सरळ ओढा, हलवून काढू नका.