किट लेन्स की ५० एमएम प्राइम?

कॅमेऱ्यासोबत १८-५५ एमएमची, झूम होणारी किट लेन्स येते, आणि मग दोन महिन्यांत ५० एमएम एफ १.८ प्राइमचा (म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सचा) किडा चावतो. मी दोन्ही वापरल्यात. खरा फरक उजेडाचा आहे, किट ५५ वर नेली की अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक, एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) सहसा एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही, ५० वाली थेट १.८ पर्यंत जाते म्हणजे साधारण ९-१० पट जास्त प्रकाश, त्यामुळे संध्याकाळी रस्त्यावरची चालती माणसं टिपायची तर किटवर आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) चढवून चढवून फोटोत नुसते दाणे येतात आणि प्राइमवर आरामात काम होतं. रस्त्यावरच फिरणार असाल तर डोळे झाकून प्राइम घ्या.

पण जुनी इमारत समोर आली की हीच ५० रडवते. एपीएस-सी सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) ती फुल-फ्रेमवरच्या ७५-८० एमएमसारखी वागते, म्हणजे दृश्य कमी मावतं, मागे सरकत सरकत पाठ भिंतीला टेकली तरी शिखर काही फ्रेममध्ये येत नाही (एकदा गटारात पडता पडता वाचलोय). तिथे १८ च हवी, लँडस्केपलाही तेच, ट्रायपॉडवर एफ ८ ला किट अजिबात वाईट नाही.

पक्षी-प्राणी? दोन्ही विसरा, हिरव्यात एक ठिपका दिसेल फक्त.